थांबवून ठेवलेला माल

मी मासे खात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला भेटणारा प्रत्येक माणूस दुसरा प्रश्न हाच विचारतो. पहिला प्रश्न असतो, "मॅडम, पीएचडी कशावर?" मी सांगते, मासोळीच्या गर्भावर. मग समोरचा डोळे मिचकावतो आणि म्हणतो, "मग प्रयोग झाल्यावर मासोळीचं काय करता?" माझं माहेर असोद्याचं, केळीवाल्यांचं. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. विचारणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणूनच ते विचारतात. मी दर वेळी ठरवते की हसून सोडून द्यायचं, आणि दर वेळी चिडते.

चिडणं हा माझा स्वभाव आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जळगावच्या मे महिन्यात, विजेच्या लहरीवर, मोहरीएवढ्या अंड्यांतले गर्भ ज्याने जगवले असतील त्यानेच मला शांत राहायला सांगावं. बाकीच्यांनी गप्प बसावं.

मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझी मासोळी म्हणजे करंगळीएवढी, अंगावर निळसर पट्टे असलेली झेब्राफिश. सकाळी उजाडलं की ती अंडी घालते. अंडं काचेसारखं आरपार असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं. आज सकाळी नुसता ठिपका असतो, उद्या सकाळी शेपटी झटकणारा जीव. मी इतकी वर्षं पाहते आहे, तरी त्या पहिल्या झटक्याला मला अजून आनंद होतो. माझा सगळा प्रश्न त्या शेपटीतल्या स्नायूंचा.

मासोळीत स्नायू दोन तऱ्हेचे असतात. एक संथ, दिवसभर न थकता पोहवणारे. दुसरे चपळ, कुणी झडप घातली की क्षणात पळवणारे. सुरुवातीला मात्र सगळ्या पेशी सारख्याच असतात. गर्भाच्या मधोमध एक लवचीक दोरी असते. पुढे पाठीचा कणा तिच्याभोवतीच तयार होतो. ही दोरी एक रेणू सोडते. तिला खेटून बसलेल्या पेशींना तो भरपूर मिळतो, जरा लांबच्यांना थोडा, आणि त्याहून लांबच्यांपर्यंत तो जवळजवळ पोचतच नाही. ज्यांना तो पुरेसा मिळाला त्या संथ स्नायू होतात, बाकीच्या चपळ. पाठीकडून आणि पोटाकडून आणखी काही रेणू येतात आणि पहिल्याला आवर घालतात. कुठल्या पेशीने काय व्हायचं हे ती कुठे बसली आहे आणि तिथवर कोणाचा संदेश किती पोचतो यावर ठरतं. त्या मुख्य रेणूचं नाव हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक लहानसा प्राणी. माशीच्या एका काटेरी अळीवरून ते नाव पडलं, पण हे सांगेपर्यंत ऐकणारा हसून दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढची आहे. संथ झालेल्या पेशी दोरीला चिकटून राहत नाहीत. त्या उठतात, चपळ पेशींच्या गर्दीतून वाट काढतात आणि थेट कातडीखाली जाऊन बसतात. जी सगळ्यात जवळ होती तीच सगळ्यात लांब जाते.

हे मी एकदा मोठ्या उत्साहाने माझ्या थोरल्या भावाला सांगितलं. तो क्रेट मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "आपल्या घरी तं उलटंच झालं." मी हसले आणि पुढे बोलत राहिले.

खरं तर आमच्या घरात हुशार तो. शाळेत माझ्या जर्नलमध्ये बेडकाच्या हृदयाची आकृती त्यानेच काढून दिली होती, आणि ती इतकी सुरेख होती की बाईंनी मला वर्गात उभं करून विचारलं, खरं सांग कोणी काढली. तो सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना नानांना, आमच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. बाग कापणीला आली होती. "वर्षभर थांबतो, मग पुढचं करतो," असं म्हणून तो कॉलेज सोडून घरी आला. नाना अंथरुणावरून उठले नाहीत. बागेच्या पाठोपाठ व्यापार आला, आणि पुढे गावाबाहेर केळी पिकवायचे थंड चेंबर आले. मी शिकत गेले. फी त्यानेच भरली.

तेव्हा माझं संशोधन समजून घ्यायचा हक्क कुणाला असेल तर त्याला. मी कधीच कंटाळा केला नाही, कागदावर आकृत्या काढून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हंजे केळासारखंच ना?"

इथे माझं डोकं फिरायचं. कारण तो अर्धा बरोबर असायचा. बंद खोलीत एक पिकलेलं केळ ठेवलं की त्याच्या अंगातून निघणाऱ्या वायूने शेजारची पिकायला लागतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चेंबरमध्ये तोच वायू मोजून सोडतात. एकाने संदेश सोडायचा आणि शेजाऱ्याने तो ऐकून बदलायचं, इथवर ठीक. पण हिरवं केळ गारव्यात ठेवलं की थांबतं. व्यापाऱ्याचा फोन येईपर्यंत निमूट थांबतं. फोन आला की गॅस सोडायचा, मग ते पिकायला लागणार. भावाचा सगळा धंदा या थांबण्यावर उभा आहे. माल थांबवता येणं म्हणजेच त्याची हुशारी. गर्भ असा थांबत नाही हे मी त्याला परोपरीने सांगितलं. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "म्हंजे लौकर पिकणारी जात."

मी कपाळावर हात मारायची.

माझा स्वतःचा प्रश्न मात्र अगदी आमच्या हवेचा होता. पाणी तापलं की गर्भ भराभर वाढतो. दोरीचा संदेश पेशींना ऐकू येतो तो ठरावीक काही तासच. त्यानंतर दोरी कितीही ओरडली तरी पेशी वळून पाहत नाही. मग वाढ भराभर होत असेल तर हे ऐकायचे तासही त्याच मापाने आखडतात का, की जास्तच आखडतात? हे तपासायला एक रसायन मिळतं. ते पाण्यात घातलं की पेशींचे कान बंद होतात, म्हणजे दोरी संदेश सोडते पण पेशींना तो कळत नाही. वेगवेगळ्या डिशमध्ये ते वेगवेगळ्या तासाला घालायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं की संथ स्नायू किती तयार झाले. ज्याला संदेश वेळेवर मिळाला त्या गर्भाच्या शेपटीवर स्नायूंचे खंड बाणाच्या टोकांसारखे ओळीने दिसतात. ज्याला मिळाला नाही त्याचे खंड घोड्याच्या नालेसारखे गोलाकार. इतकं ते उघड दिसतं.

सांगायला सोपं आहे. करायला पाण्याचं तापमान धरून ठेवावं लागतं, आणि आमच्या कॉलेजात जे यंत्र होतं ते फक्त ऊब देऊ शकायचं. खोलीच्या तापमानाखाली उतरणं त्याच्या नशिबी नव्हतं. जळगावात मे महिन्यात ऊब द्यायला यंत्र कशाला हवं? बाहेर पाण्याची टाकी उघडली तरी हात पोळतो. मी एसीसाठी अर्ज केला. उत्तर आलं की संगणक कक्षाला प्राधान्य आहे. कूलर मागितला. मिळाला, पण दमट हवेने मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरली. ओली पोती लावून पाहिली, माठाखालच्या वाळूत डिश ठेवून पाहिल्या. दुपारी वीज गेली की एका तासात सगळं उकडून निघायचं. दोन उन्हाळे मी नुसते मेलेले गर्भ मोजले. स्टाफरूममध्ये सहकारी सांत्वन करायचे, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका, मासोळीच ती."

शेवटी भाऊच म्हणाला, "माह्या केबिनात ठेव ना. जनरेटर हाये, एसी हाये. काहाले तिकडे रडत बसते?"

त्याच्या चेंबरला लागून ऑफिसची केबिन होती. तिथे मी टाक्या मांडल्या, लहान मायक्रोस्कोप आणि कॉलेजातलं ते ऊब देणारं यंत्र मांडलं आणि एसी अठ्ठावीसवर लावून त्यावर कागद चिकटवला: हात लावू नये. बाहेरून उन्हातून आलेले शेतकरी आत बसायचे आणि वैतागायचे, एसी असून घाम का येतो म्हणून. भाऊ हसून सांगायचा, "मासोळ्यांची खोली हाये, आपण पाव्हणे." त्याने कधी तक्रार केली नाही. त्या केबिनमध्ये माझा प्रयोग पहिल्यांदा नीट झाला. मग दुसऱ्यांदा झाला. आणि उत्तर जे आलं ते मला पटत नव्हतं इतकं स्पष्ट होतं: तापलेल्या पाण्यात ऐकायचे तास वाढीच्या मापापेक्षा जास्त आखडत होते. म्हणजे उन्हाळ्यात पेशीला चुकायची संधी जास्त. हे माझं होतं. माझ्या वाचनात तरी कुणी हे आधी सांगितलेलं नव्हतं.

माझे मार्गदर्शक धुळ्याला. रंगवलेले गर्भ पाहायला लागतो तो मोठा मायक्रोस्कोपही तिथेच. सरांनी दोन्ही वेळचे फोटो पाहिले आणि चष्मा काढून म्हणाले, "दोनदा जमतं ते नशिबानेही जमतं. तिसऱ्यांदा करा. जमलं तर हे प्रकरण ठेवू, नाहीतर काढून टाकू." माझी मुदत वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. आणि हे प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत होतं ते दुसऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. रसायनाची बाटलीही तळाला गेली होती. एका प्रयोगापुरतं उरलं होतं, आणि नवीन मागवलं तर ते यायला पावसाळा सरला असता. म्हणजे एकच संधी.

मी दिवस ठरवला. पहाटे केबिनमध्ये गेले. अंडी छान पडली होती, स्वच्छ, गोल. मी ती निवडून डिशमध्ये वाटली आणि शेवटचं रसायन पाण्यात मिसळून ठेवलं. एकदा मिसळलं की ते त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी ते भरवशाचं राहत नाही. पहिल्या डिशमध्ये ते दुपारी उशिरा घालायचं होतं, नंतरच्या डिशमध्ये तासातासाने. तोवर मला काही काम नव्हतं.

तेवढ्यात सरांचा फोन. मायक्रोस्कोपसाठी दुसऱ्या एकाने नंबर लावला आहे, तुम्हाला परवाची वेळ हवी असेल तर आज दुपारच्या आत येऊन प्रत्यक्ष सही करा. मी म्हटलं, सर, आज माझा प्रयोग चालू आहे, फोनवर नाही का चालणार? सर म्हणाले, "नियम आहे." या दोन शब्दांनी माझ्या आयुष्याची किती वर्षं खाल्ली असतील ते देवालाच ठाऊक. हिशेब केला, जाऊन यायला वेळ होता. भावाला म्हटलं, "मी धुळ्याला जाऊन येते. डिशना हात लावू नकोस. लाइट गेली तर जनरेटर लगेच लाव." तो म्हणाला, "व्हय, जा तू."

धुळ्यात पोचले तर विभागाला कुलूप. व्हरांड्यात तिथला शिपाई टेबलफॅन पुसत बसला होता. मी विचारलं, सर कुठे आहेत? "सर त नाशिकले गयात ताई. अचानक फोन उना." मी म्हटलं, अहो, मला त्यांनीच बोलावलं आहे, सहीचं रजिस्टर तरी द्या. तो बिचारा उठून उभा राहिला. "ते कपाटमा शे. नि चावी सरनाजोडे शे." म्हणजे किल्लीही नाशिकला! तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याच्यावर ओरडून काय उपयोग? त्याने मला माठातलं पाणी दिलं. ते पिऊन मी पुन्हा स्टँडवर आले आणि मिळेल त्या एसटीत बसले.

झेब्राफिशच्या गर्भात साधारण अर्ध्या तासाला एक स्नायूचा खंड पडतो. हे ज्याला माहीत आहे त्याने प्रयोगाच्या दिवशी प्रवास करू नये. मी घड्याळ पाहत नव्हते, मी खंड मोजत होते. पारोळं आलं तेव्हा अजून खंड पडायला सुरुवातही झालेली नसणार, म्हणजे वेळ हातात होता. एरंडोलच्या अलीकडे गाडी थांबली. कंडक्टर उतरून बघून आला आणि म्हणाला, पुढे केळीचा ट्रक आडवा झालाय. रस्त्याचं काम चालू असल्याने एकच बाजू उघडी होती, आणि त्या एका बाजूला रावेरकडचा हिरवा माल डांबरावर पसरला होता. ड्रायव्हर ठीक होता, कडेला बसून फोनवर बोलत होता. लोक घड उचलून बाजूला ठेवत होते, थोडे पिशव्यांतही ठेवत होते. क्रेन जळगावहून यायची होती. ऊन असं होतं की खिडकीची दांडी धरवत नव्हती.

मी भावाला फोन केला. सगळं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "कोनाची गाडी? माल कच्चा व्हता का?" मी फोनवरच किंचाळले, "माल गेला खड्ड्यात! माझी वेळ निघून चाललीय! तिथे गर्भ वाढतायत, मी पोचेपर्यंत ते पुढे निघून जातील, मग रसायन घालून काही उपयोग नाही!" एसटीतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. गर्भ आणि रसायन हे शब्द एका वाक्यात ऐकून शेजारची बाई चार बोटं सरकून बसली. भाऊ शांतपणे म्हणाला, "तू घाबरू नको. मी पाह्यतो."

आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. लहानपणापासून तो "मी पाह्यतो" म्हणाला की काम व्हायचं. काय पाहणार, हे मी विचारलं नाही. डोक्यात आलं ते इतकंच की तो एसीकडे लक्ष ठेवेल.

असोद्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. उशीर झालेलाच होता, पण उशिराच्या डिश अजून वाचण्यासारख्या होत्या. निदान अर्धा प्रयोग तरी. मी धावतच केबिनमध्ये शिरले. टाक्या जागेवर होत्या, मासोळ्या पोहत होत्या. डिशचं टेबल आणि उबेचं यंत्र दोन्ही रिकामं होतं.

भाऊ माझ्या मागोमाग आला. चेहऱ्यावर समाधान होतं. "काळजी नको करू," तो म्हणाला, "एकबी पुढं गेला नसन. सगळे थांबाडून ठेवले." आणि त्याने चेंबरचा जाड दरवाजा ओढला. आतून गार वाफ अंगावर आली. हिरव्या घडांच्या क्रेटच्या थप्प्यांमध्ये एक स्वच्छ क्रेट उलटा ठेवला होता, त्यावर धुतलेला रुमाल अंथरला होता, आणि रुमालावर माझ्या डिश ओळीने मांडल्या होत्या. झाकणं नीट होती, पाणी सांडलं नव्हतं. इतक्या हळुवार हाताने त्या डिश मीसुद्धा कधी उचलल्या नसतील. भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं. चौदा.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. घरच्या बोलीत बोलले, जी मी कॉलेजात चुकूनही काढत नाही. "तुले कितीदा सांगलं, केळं नही हे! तुह्या डोक्यात केळाबिगर काही शिरते का?" गाडी भरणारे हमाल थांबून पाहत होते. भाऊ दरवाजाला धरून उभा राहिला. एकदा फक्त म्हणाला, "अवं, वेळ निंघून चालली म्हने तू. म्हून थांबाडलं." मी डिश उचलून केबिनमध्ये आणल्या आणि कुठलीही आशा नसताना ठरल्याप्रमाणे रसायन घातलं. तो तेव्हा आत आला नाही.

सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. बरेच गर्भ पांढरे पडून मेले होते. जे जगले होते ते वेडेवाकडे, शेपटी आखूड, कण्याला पीळ. ज्या डिशमध्ये मी रसायन मुळीच घातलं नव्हतं, जिथे बाणाची टोकं दिसायलाच हवी होती, तिथेही नुसती गिचमिड. ज्यांनी संदेश ऐकला आणि ज्यांनी ऐकला नाही, दोघे सारखेच दिसत होते. ज्याच्याशी तुलना करायची तेच बिघडलं की प्रयोगात काही उरत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रकरण निघालं. सरांनी आपल्या हाताने त्या पानांवर रेघ मारली आणि म्हणाले, डिग्री तर मिळतेय ना, मग झालं. डिग्री मिळाली. आता माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. गावात फ्लेक्स लागला, त्यावर माझ्या फोटोशेजारी मासोळीचा फोटो आहे, तो रोहूचा आहे. लोक पेढे मागतात. जे माझं स्वतःचं होतं तेवढंच त्या प्रबंधात नाही, हे पेढे खाणाऱ्याला कसं सांगायचं? दुसऱ्या कुणीतरी, जिथे एसीसाठी अर्ज करावा लागत नाही अशा ठिकाणी, एक दिवस तेच छापेल. कदाचित छापलंही असेल. मी हल्ली ती जर्नल्स उघडत नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं तेव्हा भाऊ दारात उभा होता. रात्री जेवला नव्हता, हे वहिनीने मला आधीच फोनवर सुनावलं होतं. तो आत आला, खुर्ची ओढून बसला.

"मेले का?"

"काही मेले. काही आहेत, पण उपयोगाचे नाहीत."

"मंग आता उबेत ठेवले तं? चार दिस जास्त लागतीन."

"नाही रे भाऊ."

"अन् तो संदेश म्हनते तू, तोच वरून दिला तं? आमी गॅस कमी पडला तं दुसऱ्यांदा सोडतो."

ओरडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी साध्या शब्दांत सांगितलं, जसं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. पेशीला ऐकू येतं ते थोडा वेळच. त्या वेळात तिला जे व्हायचं असतं ते ती होऊ शकते. ती वेळ गेली की मग ऊब द्या, संदेश द्या, दुप्पट द्या, ती ते होत नाही. ती मरतेच असं नाही. जगते, कामही करते. पण दुसरीच कुणी होऊन बसते.

त्याने एक डिश उचलून उजेडात धरली. तशी त्यात काही दिसत नाही, नुसते ठिपके.

"म्हंजे केळासारखं नही हे," तो म्हणाला.

"नाही. इतकी वर्षं तेच तर सांगतेय."

"केळं थांबते." त्याने डिश जपून खाली ठेवली. "मीबी तेच समजलो व्हतो, अवं. नाना पडले तव्हा. म्हटलं वरीसभर थांबू, मंग करू पुढलं."

बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली, दोन नंबरच्या चेंबरला गॅस सोडायचा राहिला होता. "आलो," असं ओरडून तो उठला, जाताजाता त्याने एसीवरचा निघालेला कागद अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला. मी तिथेच बसून राहिले. राग तसाच होता, पण तो आता त्याच्यावर धरता येईना.